मातीची धूप कशी मोजावी : थेंबापासून धरणापर्यंत

मे महिन्याच्या अखेरीस पुण्यात वळवाची एखादी जोरदार सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी वेताळ टेकडीवर जावे आणि पायवाट जिथे उताराला लागते तिथे वाकून पाहावे. आदल्या दिवशी सपाट असलेल्या वाटेवर बोटभर रुंदीच्या रेघा पडलेल्या असतात, चपट्या खड्यांखाली मातीचे बुटके खांब उभे राहिलेले असतात आणि वळणावर, जिथे पाण्याचा वेग मोडला, तिथे चाळून ठेवावी तशी बारीक माती पसरलेली असते. हे पाहिल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की किती माती गेली? त्याचे उत्तर मिळवण्याची रीत या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितली आहे. विद्यार्थी, पाणलोटाच्या कामात नव्याने उतरलेले कार्यकर्ते आणि स्वतःच्या रानाची काळजी असलेले शेतकरी यांना समोर ठेवून ती लिहिली आहे. बहुतेक कामांना महागडी उपकरणे लागत नाहीत. मात्र पावसाळ्याचे चार महिने चिकाटी लागते.

पहिली पायरी : प्रश्न पुरा करून घ्या

‘किती माती गेली’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठून गेली, कुठपर्यंत गेली आणि किती काळात गेली, या तीन गोष्टी त्यात भरल्याशिवाय मोजणीला सुरुवात करू नये. हे मी शिकलो ते पुरंदर तालुक्यातल्या एका उताराच्या शेतात. वरच्या रानातून पावसाळ्याअखेर किती माती सुटली याचा हिशेब मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. खालच्या रानाचे मालक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “माती गेली म्हणताय, पण गेली कुठं ते बघितलं का?” त्यांनी मला आपल्या तालीजवळ, म्हणजे उतारावर माती अडवण्यासाठी घातलेल्या बांधाजवळ, नेले आणि तालीच्या आतल्या बाजूला फावड्याने एक खड्डा घेतला. वर वीतभर मऊ, ढेकूळ नसलेली, फिक्या रंगाची माती आणि तिच्याखाली जुने, घट्ट, मुळांनी विणलेले रान असा फरक स्पष्ट दिसत होता. “ही तुमच्या वरच्या रानाची. माझ्या ज्वारीला लागू पडती,” ते म्हणाले. वरच्या शेतापुरती माझी बेरीज बरोबर होती, पण गावाच्या ओढ्यापर्यंत त्यातली किती माती पोचली हे तिने मुळीच सांगितले नव्हते.

देशाच्या पातळीवरही हेच दिसते. ध्रुवनारायण आणि राम बाबू या संशोधकांनी १९८३ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती सुटते. परंतु तिच्यापैकी सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, सुमारे १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के माती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. म्हणून धुपीचा प्रत्येक आकडा तो ज्या जागी मोजला त्या जागेचा असतो. चार हात लांबीच्या वाफ्यावर मिळालेला आकडा तालुक्याच्या क्षेत्रफळाने गुणला तर जे येते, ते तालुक्यातून वाहून गेलेल्या मातीचे मोजमाप नसते.

आपल्याकडे शेतीच्या अभ्यासक्रमात धुपीचे जे प्रकार सांगतात, ते मोजणीच्या निरनिराळ्या पट्ट्यांशी, म्हणजे वाफा, शेत, उतार, ओढा अशा लहानमोठ्या जागांशी, चांगले जुळतात. थेंबाच्या माऱ्याने कण उडतात ती उसळी धूप, पाण्याच्या पातळ थराबरोबर माती सारखी खरवडली जाते ती सालकाढी धूप, नांगराने बुजतील एवढ्या रेघा पडतात ती ओघळपाडी आणि औत पलीकडे नेता येत नाही एवढे खोल चर पडतात ती घळपाडी. पहिल्या दोन प्रकारांसाठी वाफा पुरतो, ओघळींसाठी पूर्ण शेत पाहावे लागते, घळीसाठी अख्खा उतार आणि गाळासाठी ओढा किंवा तलाव. आपला प्रश्न यांपैकी कोणत्या पट्टीचा आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : पावसाची नोंद, तीही मिनिटांची

पावसाची नोंद नसेल तर बाकीचे सर्व आकडे लटके पडतात. हवामान खात्याची दैनंदिन नोंद सकाळी ८.३० ला घेतली जाते. आपणही तीच वेळ पाळावी, म्हणजे शिवाजीनगरच्या किंवा जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी तुलना करता येते. पण धुपीच्या अभ्यासाला चोवीस तासांची बेरीज पुरत नाही. दिवसभर झिरपत राहिलेला ४० मिलिमीटर भिजपाऊस रान तृप्त करतो आणि ओढा जेमतेम गढूळ होतो. तेवढाच पाऊस पाऊण तासात कोसळला तर बांध फुटतो. मोठ्या थेंबाचा वेग जमिनीवर आदळताना सेकंदाला सुमारे ९ मीटरपर्यंत जातो आणि उघड्या मातीचे ढेकूळ फोडण्याची ताकद त्याच वेगात असते.

यासाठी साध्या पर्जन्यमापकाजवळ पाऊस चालू असताना बसून दर दहा मिनिटांनी पातळी लिहावी, किंवा आपोआप नोंद करणारे, छोट्या झुलत्या वाटीचे पर्जन्यमापक बसवावे. प्रत्येक सरीतील सर्वांत तीव्र ३० मिनिटे शोधून त्यांची तीव्रता तासाला किती मिलिमीटर होते ते काढावे. धुपीच्या सूत्रांत हाच आकडा कामाला येतो. कोणती सर मोजायची हे ठरवताना १२.७ मिलिमीटरच्या खालच्या सरी सोडून देण्याचा अमेरिकी नियम सुरुवातीला चालतो. मात्र सर लहान असूनही पाणी वाहिले असेल तर ती जरूर लिहावी.

पुणे परिसरात दोन हंगामांकडे विशेष लक्ष द्यावे. मे-जूनमधला वळीव, कारण तेव्हा रान नांगरून उघडे पडलेले असते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, कारण तेव्हा जमीन आधीच भरलेली असते आणि सरी दुपारनंतर एकदम कोसळतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुणेकरांच्या लक्षात आहे. वर्षाची बरीचशी धूप अशा मोजक्या सरींतच होते, म्हणून नेमकी तीच सर चुकली तर संपूर्ण वर्षाची मोजणी लंगडी होते.

तिसरी पायरी : आधी डोळ्यांनी मोजा

पावसानंतर जमीन पाय ठेवण्याइतकी सुकली की शेत फिरून घ्यावे. उघडी पडलेली झाडांची मुळे, दगडाखालचे मातीचे खांब, बांधालगत साचलेला गाळ, कुंपणाच्या भिंतीवर उडालेल्या चिखलाच्या शिंतोड्यांची उंची, या सर्वांचे पट्टी शेजारी धरून छायाचित्र काढावे. छायाचित्र दरवेळी त्याच खुणेवरून, त्याच दिशेने घ्यावे.

ओघळींची मोजणी याच फेरीत होते. उताराला आडवी १० मीटरची दोरी ताणावी आणि तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक ओघळीची रुंदी व खोली लिहावी. समजा सहा ओघळी मिळाल्या आणि प्रत्येक सरासरी १० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर खोल, पेटीसारख्या आकाराची आहे. एकीचा छेद ०.००५ चौरस मीटर, सहांचा ०.०३ चौरस मीटर. त्याला १० मीटरने भागले की सरासरी ३ मिलिमीटर थर गेला असे निघते, म्हणजे हेक्टरी ३० घनमीटर. कोरड्या मातीची घनता घनमीटरला १.३ टन धरली तर हेक्टरी ३९ टन. ओघळ तळाशी निमुळती असेल तर हाच आकडा निम्म्यावर येतो, म्हणून आकार लिहायला विसरू नये. वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात मिळून किमान तीन दोऱ्या घ्याव्यात. आणि कुळवाची पाळी होण्यापूर्वी हे काम उरकावे. एकदा पाळी पडली की पुरावा बुजतो.

चौथी पायरी : सळयांचा मोह आवरा

पुस्तकांत सर्वांत स्वस्त म्हणून सांगितलेली पद्धत अशी, की जमिनीत लोखंडी सळया ठोकाव्यात, त्यांची वर राहिलेली उंची मोजावी आणि पावसाळ्यानंतर ती किती वाढली ते पाहावे. मुरमाड टेकडीवर, पायवाटेवर, घळीच्या काठावर ही पद्धत उत्तम आहे. पण शेतात ती वापरण्यापूर्वी एक छोटा हिशेब करावा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर थर म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच सुमारे १३ टन माती. आपल्याकडे वर्षाला हेक्टरी ४.५ ते ११.२ टन एवढी धूप सहन होण्याजोगी धरतात. याचा अर्थ पट्टीवर वाचताना झालेली एका मिलिमीटरची चूक त्या संपूर्ण मर्यादेहून मोठी ठरते.

काळ्या जमिनीत तर ही पद्धत मी वापरूच देत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पाणी पिऊन फुगणारी ती माती पावसाळ्यात स्वतःच वर येते आणि सळयांनाही हलवते. तिथे जूनची उंची आणि ऑक्टोबरची उंची यांतला फरक धुपीचा की फुगण्याचा, हे सांगता येत नाही.

पाचवी पायरी : वाफा बांधा

नवशिक्याने मन लावून करावी अशी मोजणी वाफ्याची आहे. उताराचा एक तुकडा चारही बाजूंनी बंद करायचा, त्यावर पडलेल्या पावसाचे वाहते पाणी आणि त्यातली माती खालच्या टोकाला पकडायची आणि वजन करायचे, एवढीच कल्पना. जगभर प्रमाण मानला गेलेला वाफा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा आहे. ही विचित्र लांबी आली ती ७२.६ फुटांवरून: ६ फूट रुंदी घेतली की क्षेत्र बरोबर एकराचा शंभरावा भाग होते आणि हिशेब सोपा होतो. आपल्याला एवढा मोठा वाफा परवडत नाही, म्हणून उताराच्या दिशेने ५ मीटर आणि आडवा २ मीटर असा १० चौरस मीटरचा वाफा घ्यावा. तो एका गुंठ्याच्या साधारण दहाव्या भागाएवढा होतो. एवढ्या आखूड वाफ्यात ओघळी नीट तयार होत नाहीत, तेव्हा त्यातून मिळणारे उत्तर मुख्यतः उसळी आणि सालकाढी धुपीचे असते, ही मर्यादा पहिल्यापासून ध्यानात ठेवावी.

जागा निवडताना उतार, माती आणि पीक त्या शेताचे प्रातिनिधिक असावे. नळीच्या पातळीने, गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, उतार मोजून घ्यावा. कडेला ३० सेंटिमीटर रुंदीचा जस्ती पत्रा उभा लावावा. निम्मा जमिनीत आणि निम्मा वर. चर वाफ्याच्या बाहेरच्या बाजूने खणावा, आतली माती उकरू नये. पत्र्यालगतची फट ओल्या मातीने दाबून बंद करावी. हे सर्व मेच्या मध्यापर्यंत झालेले असावे, कारण काम करताना हललेली माती बसायला वेळ लागतो. पहिल्या एकदोन सरींचे आकडे वहीत वेगळ्या रंगाने लिहावेत आणि हंगामाच्या बेरजेत धरू नयेत.

खालच्या टोकाला उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पन्हळीसारखा बसवावा. बहुतेकांचे काम बिघडते ते इथे. पन्हळीची कड जमिनीपेक्षा वर राहिली तर पाणी तुंबते आणि माती वाफ्यातच बसते; खाली राहिली तर पाणी कडेखालून माती पोखरते आणि आकडा फुगतो. कड जमिनीशी तंतोतंत जुळवावी आणि प्रत्येक सरीनंतर बोटाने चाचपून पाहावी. पन्हळीवर पत्र्याचे झाकण हवे, नाहीतर थेट पडलेला पाऊसही पिंपात जमा होतो.

पन्हळीतून पाइपने पाणी पिंपात न्यायचे. पिंप किती मोठे, याचा हिशेब मी पहिल्या वर्षी केला नव्हता आणि त्याची किंमत मोजली. १० चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी वाहिले म्हणजे १० लिटर. २०० लिटरचे पिंप २० मिलिमीटर वाहत्या पाण्यातच भरते. जुलै-ऑगस्टमध्ये ते पुरले. सप्टेंबरमध्ये एका रात्री जोराची सर आली आणि सकाळी गेलो तेव्हा पिंप काठोकाठ भरून चहूबाजूंनी वाहिलेले होते. भोवतालच्या चिखलात माझी वर्षातली सर्वांत मोठी सर मिसळून गेली होती. पुढच्या वर्षापासून मी पहिल्या पिंपाच्या वरच्या कडेला एकाच पातळीत, एकाच मापाच्या पाच खाचा पाडल्या आणि मधल्या खाचेचे पाणी तेवढे दुसऱ्या पिंपात घेतले. दुसऱ्या पिंपातल्या पाण्याला पाचने गुणायचे. अशा जोडीची क्षमता २०० अधिक पाच पट २००, म्हणजे १२०० लिटर होते आणि १२० मिलिमीटर वाहत्या पाण्यापर्यंत नोंद सुरक्षित राहते. पिंप मात्र पाणसळीत बसवलेले असावे. ते कलले तर पाची खाचांतून सारखे पाणी जात नाही.

सर थांबल्यावर शक्य तितक्या लवकर पुढील काम करावे. पिंपातली पाण्याची उंची मोजून लिटर काढावेत. नंतर लांब दांड्याने तळापासून ढवळावे, आणि पाणी फिरत असतानाच तीन वेगवेगळ्या खोलींवरून मिळून एक लिटर नमुना घ्यावा. न ढवळता वरचे पाणी घेणे ही हमखास होणारी चूक आहे. पन्हळीत आणि पाइपात अडकलेली जाड माती खरवडून वेगळ्या पिशवीत भरावी, कारण वजनाने ती अनेकदा बाटलीतल्या मातीच्या बरोबरीची असते.

काळ्या मातीचे चिकण कण पाण्यात कितीतरी दिवस तरंगत राहतात. नमुन्यात चिमूटभर तुरटी फिरवली की ते गोळा होऊन खाली बसतात. प्रत्येक बाटलीत तुरटी मोजून सारखीच घालावी आणि साध्या पाण्याची एक बाटली तुलनेसाठी ठेवावी. वरचे स्वच्छ पाणी ओतून उरलेला गाळ भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवून वजन करावे. भट्टी नसेल तर उन्हात झाकून सुकवावा आणि लागोपाठ दोन दिवस वजन सारखे भरले की लिहावे. अशा वजनात थोडी ओल शिल्लक असते, म्हणून एकदा धरलेली पद्धत हंगामभर बदलू नये.

एका सरीचा हिशेब असा होईल. पिंपात १२० लिटर पाणी, लिटरमागे ६ ग्रॅम कोरडी माती, म्हणजे ७२० ग्रॅम. पन्हळीतली ४८० ग्रॅम. एकूण १.२ किलो माती १० चौरस मीटरमधून. हेक्टरला तो आकडा हजारपट, म्हणजे १.२ टन. शेतकऱ्याला सांगताना मात्र गुंठ्यातच सांगावे: एका सरीत गुंठ्याला सुमारे १२ किलो. टन आणि हेक्टर ऐकून जे चेहरे कोरे राहतात, ते किलो आणि गुंठा ऐकल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारतात.

एकच वाफा कधी बांधू नये. एकसारखे दिसणारे दोन वाफे शेजारी शेजारी असूनही वेगळे आकडे देतात. म्हणून प्रत्येक प्रकाराचे किमान तीन हवेत. उघडे रान, नेहमीचे पीक आणि पाचटाचे आच्छादन अशी तुलना पहिल्या वर्षाला पुरेशी आहे. पहिल्याच वळवात उघड्या वाफ्याचे पिंप चहासारखे आणि आच्छादनाचे जवळजवळ नितळ, असे शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तर शेतकऱ्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

सहावी पायरी : घळ

घळीत वाफा चालत नाही. घळीच्या दोन्ही बाजूंना, काठापासून पुरेशा अंतरावर मागे, पक्क्या जमिनीत खुंट्या पुराव्यात, त्यांच्यामध्ये दोरी पाणसळीत ताणावी आणि दर २० सेंटिमीटरवर दोरीपासून तळापर्यंतचे अंतर घ्यावे. असे आडवे छेद दर ५ मीटरवर, पावसाळ्याआधी आणि नंतर काढले की घनफळातला फरक मिळतो. घळीचा माथा कुठे आहे हे स्वतंत्रपणे लिहावे, कारण घळ वरच्या दिशेने सरकत जाते आणि चांगले रान गिळते ते तिच्या माथ्याशी. ड्रोनने एकमेकांवर झाकली जाणारी छायाचित्रे काढून संगणकावर जमिनीचा त्रिमितीय आकार तयार करणे आता शक्य झाले आहे. पण जमिनीवर पक्क्या, मोजलेल्या खुणा नसतील तर दोन वर्षांचे आकार एकमेकांवर बसत नाहीत. पुण्याच्या हद्दीत ड्रोन उडवण्यापूर्वी परवानगीचे नियम तपासावेत, आणि टेकड्यांवर काहीही रोवण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

दरड ही वेगळी गोष्ट आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण ज्या प्रकारे गाडले गेले, तो डोंगराचा भाग सुटून खाली येण्याचा प्रकार होता. पाण्याने कणाकणाने होणाऱ्या धुपीच्या मोजणीवरून दरडीचा अंदाज बांधू नये.

सातवी पायरी : ओढा

ओढ्यात दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: दर सेकंदाला किती पाणी जाते आणि त्यात किती गाळ आहे. लहान ओहोळासाठी ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेली फळी आडवी बसवावी. खाचेच्या खालच्या टोकापासून वरच्या बाजूच्या पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात काढावा आणि त्याला १.३८ ने गुणावे. घनमीटर दर सेकंद असा प्रवाह मिळतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो, म्हणून उंची वाचताना हयगय करू नये.

गाळाचा नमुना एकच घेऊन भागत नाही. पाणी चढत असताना गढूळपणा बहुधा जास्त असतो, कारण रस्त्यावरची, बांधावरची सुटी माती आधी येते. तेवढीच उंची ओसरताना असली तरी पाणी तुलनेने निवळलेले असते. म्हणून चढताना दोन, माथ्यावर एक आणि ओसरताना दोन अशा किमान पाच बाटल्या भराव्यात आणि प्रत्येकीवर वेळ व पातळी लिहावी. रात्री हे काम एकट्याने करू नये आणि फुगलेल्या पाण्यात पाय घालू नये; बाटली काठीला बांधून काठावरूनच भरावी.

जागेबद्दल एक महत्त्वाची सूचना. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यातला मुठा नदीवरचा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि अनेकांना वाटते की नमुना घ्यायला तीच उत्तम जागा. परंतु पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणे वरच्या डोंगरांचा बहुतेक गाळ आधीच अडवून ठेवतात. पुलाजवळच्या पाण्यातली माती शहराची, बांधकामांची, मधल्या ओढ्यांची आणि नदीकाठची असते. त्यावरून धरणांच्या वरच्या, वेल्ह्याकडच्या उतारांविषयी काही म्हणता येत नाही. अभ्यासाला असा ओढा निवडावा ज्याच्यावर, निदान नमुन्याच्या जागेपर्यंत, धरण नाही, आणि त्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखून त्यातले बंधारे मोजून घ्यावेत.

आठवी पायरी : तळे आणि धरण

तळे म्हणजे वर्षानुवर्षे भरत गेलेली हिशेबाची वही. मे महिन्यात आटलेल्या पाझर तलावात किंवा माती नाला बांधात तळाला खड्डा घेतला की गाळाचे थर दिसतात: खाली भरड, वर बारीक, पुन्हा भरड, पुन्हा बारीक. बांध कोणत्या वर्षी झाला हे ग्रामपंचायतीत कळते. गाळाची सरासरी जाडी, तळाचे क्षेत्र आणि कोरडी घनता यांचा गुणाकार करून वर्षांनी भागले की दरवर्षी आलेला गाळ निघतो. यात दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. लहान बंधारा सगळा गाळ पकडत नाही, सांडव्यावरून बारीक माती निघून जाते. आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेत किंवा शेतकऱ्यांनी स्वतः ट्रॅक्टरने गाळ काढून नेला असेल तर त्या खेपा विचारून हिशेबात परत घालाव्या लागतात.

मोठ्या धरणात हे काम होडीतून ध्वनिलहरींनी खोली मोजून करतात, किंवा धरण रिकामे होत असताना निरनिराळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले आहे ते उपग्रहाच्या चित्रांवरून काढून जुन्या क्षमतेशी ताडून पाहतात. ही कामे संस्थांची आहेत, नवशिक्याने त्यांचे प्रसिद्ध आकडे समजून वाचावेत एवढे पुरे. मातीतल्या सीझियम-१३७ वरून धूप ओळखण्याची रीतही तशीच प्रयोगशाळेची आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनंतर पावसाबरोबर हे द्रव्य जगभर पडले आणि मातीच्या कणांना चिकटून राहिले. ते जिथे कमी सापडते तिथून माती गेली आणि जिथे जास्त सापडते तिथे माती साचली, असा त्याचा अर्थ. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने ही खूण वर्षागणिक पुसट होत चालली आहे.

नववी पायरी : सूत्र आणि नकाशा

विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांचे १९६५ आणि १९७८ च्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झालेले सूत्र पावसाची धूपशक्ती, मातीची धूपशीलता, उताराची लांबी व तीव्रता, पीक आणि संवर्धनाचे उपाय यांचा गुणाकार करून हेक्टरी वार्षिक धूप देते. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत संगणकप्रणालीत उपग्रहाची उंचीमाहिती घालून अख्ख्या तालुक्याचा रंगीत नकाशा एका दुपारी तयार होतो आणि म्हणूनच त्याबाबत सावध राहावे. हे सूत्र प्रामुख्याने अमेरिकेतल्या वाफ्यांच्या, सह्याद्रीच्या मानाने सौम्य उतारांच्या नोंदींवर उभे आहे. त्यात घळ नाही, दरड नाही, आणि तात्यांच्या तालीत साचलेली माती तर मुळीच नाही. शिवाय ३० मीटरच्या चौकटींनी बनलेल्या उंचीमाहितीला मीटरभर रुंदीचा बांध दिसत नाही, त्यामुळे शतकभर ताली राखलेले गाव आणि ताली फुटलेले गाव नकाशावर सारखेच लाल येते. कुठे आधी जाऊन पाहायचे हे ठरवण्यासाठी नकाशा वापरावा; तिथे गेल्यावर दोरी, पट्टी आणि फावडे.

शेवटची पायरी : आकडे शेजारी मांडा

हंगाम संपला की वहीत एकाच पानावर चार ओळी लिहाव्यात: वाफ्यातून सुटलेली माती, शेतातल्या ओघळींची माती, ओढ्यातून गेलेला गाळ आणि बंधाऱ्यात बसलेला गाळ, प्रत्येकीसमोर क्षेत्र, कालावधी आणि पद्धत. ओढ्यातला हेक्टरी आकडा वाफ्याच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर चूक झाली असे समजून तो खोडू नये. मधल्या ताली, बांध, गवताचे पट्टे आणि सपाट जागा शोधायला निघावे, माती तिथे असते. ओढ्याचा आकडा जास्त आला तर घळी, ओढ्याचे काठ, रस्त्याकडेचे चर आणि ताजी बांधकामे पाहावीत, कारण वाफा यांतले काहीच पकडत नाही. दोन्ही प्रसंगी पुढच्या वर्षी नवा वाफा किंवा नवा छेद कुठे घ्यायचा, ते या फरकावरूनच ठरते.

ऑक्टोबरअखेर पत्रे काढून घ्यावेत, चर बुजवावेत, पिंपे पालथी ठेवावीत. पन्हळीची कड ज्या पातळीला होती तिथे एक खुंटी ठोकून ठेवावी, म्हणजे मेमध्ये वाफा पुन्हा त्याच जागी आणि त्याच पातळीला उभा करता येतो.